लिंब, लांब, लुंब

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही — तिथे मी भलतंच काहीतरी पुटपुटून उठते. आणि आता सांगायला बसले तर सुरुवात कुठून करू तेच कळेना. व्याकरणापासून? हसू नका. गुन्हा व्याकरणातच झालाय.

आम्ही तेव्हा गुजरातेत, कतारगामला राहायचो. रद्दीत मिळालेल्या जर्मन शिकवणाऱ्या पुस्तकावरून धाकट्या कुमुदनं एक भाषाच रचली — घर्मन. घरातली जर्मन! लिहायची मात्र आपल्याच अक्षरांत. तिच्यातली साधी क्रियापदं भूतकाळात जाताना शेपूट लावून घेत. पण काही पैलवान — ती पोटातला स्वरच बदलत. अशा पैलवानांचा तक्ता करून तिनं सात तालमी, म्हणजे सात गट, पाडले. "ताई, आपल्याकडे 'पड'चं 'पाड' केलं की करणारा बदलतो ना? इथे काळ बदलतो!" तिसरी तालीम होती लिंब, लांब, लुंब. म्हणजे प्रेम करते, करत होते, केलेलं. आणि मी? चोवीस वर्षांची, आरशापुढून न हलणारी महाराणी. पण पाठ सगळं होतं — हो, सगळं.

कुमुद डी.एड.ला जळगावला गेली. शेजारच्या हसमुखवर तिचा जीव, आणि त्याच्या घरचे त्याचं दुसरीकडे ठरवायला निघालेले. तिचं मन अजून आहे का, एवढंच त्याला हवं होतं. मग तो घरच्यांशी भांडायला तयार होता. बाबा पत्रं फोडायचे, म्हणून तिनं मला घर्मनमध्ये कळवलं — 'इख लिंब', मी प्रेम करते. त्याला सांग.

तो जिन्यात उभा. "मोटीबेन, छे के हतुं?" आहे की होतं — बिचाऱ्याची गुजराती किती सरळ!

मी म्हटलं, "हतुं."

का? माझं लग्न जमत आलं होतं, घरात गुजराती जावई येणार या बातमीनं ते मोडेल म्हणून? की धाकटीचं माझ्याआधी जमलं, हेच खुपलं? खरं सांगू — अजून नीट कळत नाही. कधी वाटतं हे, कधी ते. आणि कधी वाटतं, नुसतं बोलून बघितलं मी. बोलून बघितलं! असं कुणी करतं?

महिन्याभरात त्याची वरात निघाली. कुमुदला मी सांगितलं, "अगं, वेलांटीचा काना वाचला मी." तिनं मानलं. ती जळगावलाच शिकवत राहिली, एकटी. पुढे घरात त्याचा विनोद झाला — मी पेपर हातात घेतला की कुणीतरी म्हणणारच, "जपून, लांब वाचशील!" सगळ्यांत मोठ्यानं मीच हसते.

आता माझी नात रेवा कॉम्प्युटरवर अशीच एक भाषा रचतेय. कुमुदची वही तिच्या हाती लागली. परवा तिनं जळगावला फोन लावला, स्पीकरवर. "कुमुदआजी, तिसरी तालीम तशीच ठेवू?"

"नको गं बाई. चूक माझ्या रचनेतच होती. एवढे सारखे शब्द कुणी करतं? ताईचा काय दोष! म्हणून तर सोडून दिलं मी ते सगळं."

इतकी वर्षं ती स्वतःच्या तक्त्याला दोष देत होती. मी समोरच बसले होते, वालपापडी सोलत. रेवानं तिसरी तालीम पुसली. मी पुसू दिली.

तक्ता बरोबर होता. पत्रात शब्द ठसठशीत लिहिलेला होता, खाली दोन रेघा मारून. मी तो बरोबर वाचला होता.