बिनटोकाचा गळ

विभावरीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रिकाम्या फुटबॉलच्या मैदानावर उभी राहून हवेला झोडपत होती.

जर्मनीतल्या एश्बॉर्नमधलं माझ्या लेकीचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून ते मैदान दिसतं. एप्रिलची सकाळ होती, थंडी पुरती गेली नव्हती. पन्नाशीची एक बाई, सलवार-कमीज, वर नवऱ्याचं असावं असं जॅकेट, हातात लांब लवचिक काठी आणि काठीला पिवळीधमक दोरी. दोरी मागे जायची, क्षणभर हवेत आडवी पडायची आणि मग पुढे येऊन गवतावर निजायची. तिच्या शेवटाला लाल लोकरीचा गोंडा होता. आसपास पाण्याचा टिपूस नव्हता. मला वाटलं, कावळे हाकलत असेल. पण या देशात कावळे हाकलायलाही परवानगी लागत असणार, म्हणून मी चहाचा कप घेऊन बघत राहिले. तेवढ्यात दोरी गोलच्या जाळीत अडकली आणि बाई म्हणाली, "सोड मेल्या."

परदेशात अचानक मराठी कानावर पडलं की लोकांचे डोळे भरून येतात, असं ऐकून आहे. मी खिडकीतून डोकं काढून विचारलं, काय चाललंय. ती वर न बघताच म्हणाली, "मासे धरतेय."

विभावरी सोहनी मूळची पुण्याच्या कर्वेनगरातली. नवरा श्रीरंग आणि ती, दोघंही इथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत सल्लागार. मुलगा वेदांत कायझर्सलाउटर्नला शिकतो. त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. घर कडक शाकाहारी. अंडं घातलेला केकसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. श्रीरंग ऑफिसच्या कँटीनमध्ये ऑम्लेट खातो आणि घरी यायच्या आधी पेपरमिंट चघळतो. ही गोष्ट विभावरीला माहीत आहे, हे त्याला अजून माहीत नाही.

अशा घरातली बाई मासेमारीकडे वळली ती परीक्षेपायी. वेदांत वाहन परवान्याच्या लेखी परीक्षेत नापास झाला आणि आईला म्हणाला, इथल्या परीक्षा तुमच्यासारख्या घोकून सुटत नाहीत. विभावरी जन्मात कशात नापास झालेली नव्हती. तिला ते इतकं लागलं, की जवळपास जी पहिली सरकारी परीक्षा मिळेल ती द्यायची असं तिने ठरवलं. ती निघाली मासेमारीची. जर्मनीत गळ टाकायला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा लागते, आणि परीक्षेला माशांच्या जातींपासून कायद्यापर्यंत सगळं विचारतात. वर्गात सगळे दाढीवाले पुरुष आणि ही एकटी बाई. एस-बान म्हणजे इथली लोकल, तिच्यात येता-जाता प्रश्न सोडवून सोडवून, नदीत कधी पायही न बुडवलेली ही बाई एकही उत्तर न चुकता पास झाली. वेदांतही पुढच्या खेपेला पास झाला, पण तोवर त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण हातात आलेला परवाना नुसता पडून राहणं पुण्याच्या माणसाला सोसत नाही.

गांडूळ गळाला लावणं तिला शक्य नव्हतं. मग कुणीतरी तिला सांगितलं की एक प्रकार असा आहे ज्यात आमिष जिवंत नसतं. दोरे आणि पिसं गुंडाळून खोटी माशी करायची आणि त्या लवचिक काठीने ती पाण्यावर भिरकवायची. विभावरीने लग्नातल्या शालूच्या पदराचे गोंडे कापले. निडा नदीच्या काठी नाईल गूज नावाचे उद्धट पक्षी फिरतात, त्यांची गळलेली पिसं वेचली. जरीचे धागे आणि पिसं मिळून तिने जी वस्तू केली तिला माशी म्हणतात खरं, पण दिसते ती बोटभर चमकत्या मासळीसारखी. शालूची अशी परवड बघून श्रीरंग हळहळला. ती म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच कामाला आलाय.

आता खरी अडचण. इथला कायदा सांगतो की मासा धरायचा तो खाण्यासाठी. धरून गंमत म्हणून परत सोडायचा नाही. तो प्राण्याचा छळ होतो. आणि सोहनींच्या घरात मासा जाणं शक्य नाही. विभावरीने यावर तिच्या धंद्याला शोभेल अशी पळवाट काढली. पकडीने गळाचं टोक कापून टाकलं. मासा यायचा, माशी तोंडात धरायचा, ओढायचा आणि निघून जायचा. मासा धरलाच नाही, तर सोडायचा प्रश्न कुठे येतो, असं तिचं म्हणणं.

जूनमध्ये ती मला रोडेलहाइमच्या बंधाऱ्यापाशी घेऊन गेली. मी अलिबागची. मासे म्हटल्यावर मला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. पाणी शांत होतं. तिने दोरी मागे नेली, पुढे सोडली, जरीची माशी पलीकडच्या झाडाच्या सावलीत पडली. दोनदा ओढली आणि तिसऱ्यांदा काठी कमानीसारखी वाकली. पाण्याखाली हिरवे पट्टे आणि लाल पर दिसले. बार्श म्हणतात त्याला. चांगला हातभर होता. आमच्या जिताड्याचा धाकटा जर्मन भाऊ म्हणावा असा चेहरा. दोन झटके देऊन तो सुटला आणि दोरी सैल पडली. माझ्या तोंडातून हळहळ निघाली. विभावरीच्या चेहऱ्यावर मात्र, वर्गात न विचारता बरोबर उत्तर सुचलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर असतो, तसला आनंद होता.

"बाई, दिवसभर मी लोकांना विचारत असते, माझा स्क्रीन दिसतोय का म्हणून," ती म्हणाली. "कुणी हो म्हणत नाही, कुणी नाही म्हणत नाही. आणि इथे बघा, कसा ओढतो. न विचारता."

तिथल्या मासेमारांच्या मंडळाने तिला वर्षभरासाठी उमेदवार म्हणून घेतलं होतं. नदीवर जायचं तर मंडळात असावं लागतं. मंडळाचे प्रमुख क्रेमर, आयुष्यभर एस-बान चालवून निवृत्त झालेले. फारसे न बोलणारे, पण नजर सिग्नलवर असल्यासारखी. त्यांनी तीन-चार वेळा हिची काठी वाकताना पाहिली आणि दर वेळी दोरी सैल होताना पाहिली. जुलैच्या सुरुवातीला ते जवळ आले आणि माशी बघायला मागितली. गळ बोटावर फिरवून पाहिला. टोक नव्हतं.

त्यांचा आवाज चढला नाही. "फ्राऊ सोहनी," ते म्हणाले, "हा मासा तुमचं खेळणं नाही. धरायचा असेल तर धरा आणि खा. नाहीतर काठावर बसून बघा. बघायला परवाना लागत नाही." ऑगस्टअखेर मंडळाची सभा होती. तोवर तिने रीतसर मासेमारी केली नाही, तर नाव काढणार असंही त्यांनी सांगितलं.

विभावरी तणतणत घरी आली. सासूबाई दर उन्हाळ्यात पुण्याहून येतात, त्या तेव्हा आलेल्या होत्या. सुधाताईंचं वय ऐंशीच्या पुढे, चातुर्मासात कांदाही खात नाहीत. आपण एक जीव वाचवतोय आणि तो जर्मन माणूस आपल्याला मारायला सांगतोय, हे ऐकून सासूबाई तरी आपली बाजू घेतील असं हिला वाटलं. मी तिथेच बसले होते. सुधाताई मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तो माणूस बरोबर बोलतोय," त्या म्हणाल्या. "ताटात वाढायचं आणि तोंडाशी नेलं की ओढून घ्यायचं, हा कुठला शाकाहार गं?"

"अहो आई, तुम्ही त्याला भेटून आलात की काय?"

"भेटायला कशाला हवं? पाळायचं तर नीट पाळ. नाहीतर सरळ मार बापडी. चाळवू नकोस."

जर्मन कायदा आणि सुधाताईंचं सदाशिव पेठेतलं माहेर यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. विभावरी उठली. काठी पिशवीत घालून कपाटावर टाकली आणि म्हणाली, झालं माझं.

पुढचे काही आठवडे सोहनींच्या घरात कुणी सुखाने राहिलं नाही. नदी नाही म्हटल्यावर विभावरीने शनिवार-रविवार घरात काढले. मसाल्याचे डबे धुऊन जर्मन वर्णक्रमाने लावले. सासूबाईंच्या गोळ्या, श्रीरंगचे मोजे, फ्रीझरमधलं खोबरं, कशालाच जुनी जागा राहिली नाही. सगळ्याला नवी जागा मिळाली. श्रीरंग एका संध्याकाळी आमच्याकडे आला आणि बराच वेळ हवेबद्दल बोलला. शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही तिला नदीवर न्या. काहीही करा. तिने काल मला विचारलं की मी माझ्या आयुष्यात पुढे काय करायचं ठरवलंय."

मी गेले. पण मला काही बोलावं लागलं नाही. सुधाताईंना त्या दिवशी हिंगाची डबी सापडत नव्हती. ती एच या अक्षरात ठेवायची की जर्मन नावाप्रमाणे ए या अक्षरात, यावर सून काहीतरी समजावून सांगत होती. सुधाताईंनी हात पुसले, स्वयंपाकघरात गेल्या आणि एक जुनं, एका टोकाला चिरलेलं लाटणं घेऊन आल्या.

"हे घे," त्या म्हणाल्या. "आणि जा एकदाची. तो मासा तरी मरेल, नाहीतर मी तरी."

"आई, मी त्याचं काय करू? खाणार कोण?"

"ही अलिबागची बाई बसलीय ना समोर. आणि ते लाटणं परत घरात आणू नकोस."

मला कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही दोघी बंधाऱ्यावर गेलो. विभावरीने टोक असलेला गळ लावला. पहिल्या दोन फेका झाडात गेल्या. पुढे कितीतरी वेळ काही झालं नाही. मला वाटलं, तिला तेच हवं असेल. मग सावलीतल्या त्याच जागी काठी वाकली आणि या वेळी सैल झाली नाही. तो खाली गेला, दगडांकडे पळाला, परत आला. ती त्याच्याबरोबर काठाकाठाने चालत होती. जाळीत आला तेव्हा बार्श माझ्या अंदाजाहून मोठा निघाला. पाठीवरचे काटे ताठ उभे होते.

परीक्षेत तिने या प्रश्नाचं उत्तर बरोबर लिहिलं होतं: आधी डोक्यावर एक नेमका फटका, मासा बेशुद्ध होतो, मग सुरी. लाटणं तिच्या हातात होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली नाही. आयुष्यभर मासळी खाल्ली, तेव्हा तेवढं तरी करायला हवं होतं.

तिने एकच फटका मारला. मग सुरी चालवली. नंतर गवतावर बसली आणि हात मांडीवर तसेच ठेवून राहिली.

क्रेमर दूरवरून बघत होते ते आले. तिने त्यांना विचारलं, "त्याला फार लागलं का?"

ते म्हणाले, "नाही." मग टोपी काढली, परत घातली आणि गेले.

मासा मी आमच्या घरी केला. अर्ध्याच्या तुकड्या तांदळाचं पीठ लावून तळल्या, उरलेल्याचं कोकमाचं आगळ घालून कालवण केलं. विभावरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत आली नाही आणि गेलीही नाही. मी पहिला घास घेतला तेव्हा ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, जशी पहिल्यांदा पोळी केलेली मुलगी खाणाऱ्याकडे बघते. विचारलं, कसा झालाय. मी म्हटलं, जिताडा नाही, पण इथे आल्यापासून याहून चांगलं काही खाल्लं नाही. वाया नाही ना गेलं काही, तिने विचारलं. डोकंसुद्धा कालवणात आहे, मी सांगितलं. तेव्हा कुठे ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, बाई, कौतुक नको, मीठ ठीक होतं का ते सांगा. मीठ कमी होतं. ते मीच घातलं होतं, तरी तिलाच वाईट वाटलं.

केस धुऊन यायचं, अशी सुधाताईंची सक्त ताकीद होती. म्हणून ती आमच्याकडेच न्हाली आणि ओल्या केसांनी घरी गेली. श्रीरंगने दार उघडलं. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता.

सभेत तिचं नाव राहिलं. विरोधात एकच हात वर झाला, आणि तो गृहस्थ दरवर्षी प्रत्येक गोष्टीला विरोध करतो असं क्रेमरांनीच तिला सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात सुधाताई आल्या तेव्हा त्यांनी मसाल्याचे डबे पुन्हा आपल्या क्रमाने लावले आणि कुणी हरकत घेतली नाही.

विभावरीचा हा नदीवरचा तिसरा मोसम आहे. ती अजून मासा खात नाही, चाखतही नाही. एक मासा मिळाला की त्या दिवशी दुसऱ्यासाठी दोरी टाकत नाही. काठीचे भाग सुटे करून पिशवीत भरते, मासा माझ्याकडे देते, न्हाते आणि घरी जाऊन वरण-भाताचा कुकर लावते.