चुकांमधला हात

माडीवरच्या काकूंचा उजवा हात मी कितीतरी महिने नीट पाहिलाच नव्हता. चहाचा कप पुढे करायला तो पदराबाहेर यायचा आणि कप टेकला की लगेच आत. शहाद्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. तरी काकू मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून बसायच्या. मला वाटलं, भाजलं असेल. विचारायची सोय नव्हती.

मी तेव्हा लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवत होते आणि तापीकाठच्या एका गावात, एका बागाईतदाराच्या घरी खालच्या खोलीत भाड्यानं राहत होते. काकू वर, माडीवर. घरच्या सुनांनी उठसूट खाली उतरायचं नाही, ही सासऱ्यांच्या वेळची शिस्त. काकूंचे यजमान अप्पा, त्यांनी ती इमानेइतबारे पुढे चालवली. कालांतरानं शिस्त ढिली झाली, तोवर काकूंचे गुडघे गेले. "दार उघडनं, तवय पाय गयात," असं म्हणून त्या खो खो हसायच्या. मला त्या हसण्याचा राग यायचा.

सुरतेच्या मुलानं मोबाइल पाठवला आणि काकू इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात रमल्या. तिथं कोणीही लेख दुरुस्त करू शकतं, हे मी सांगितलं आणि माझ्या संध्याकाळी संपल्या. "ओ मास्तरीनबाई, वर या!" अशी हाक आली की समजायचं, केळीवरच्या लेखात कोणी तरी लागवडीचा महिना चुकवलाय. मी त्यांना खातं काढून दिलं. नाव काय ठेवू विचारलं, तर म्हणाल्या, "माडीवरली."

एके दुपारी त्यांनी एका सिनेमाचा लेख माझ्यापुढे धरला. सिनेमाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर घर कळेल. गंभीर चित्रपट, कोंडलेल्या सुनेची गोष्ट आणि बराचसा याच माडीवर घेतलेला. लेख मात्र असून नसल्यासारखा. चार ओळींचं कथानक आणि खाली 'चुका' असं शीर्षक. त्यात लिहिलं होतं, 'शेवटच्या दृश्यात खिडकी उघडताना नायिकेच्या मनगटावर गोंदण दिसते. आधी ते नाही.'

काकूंनी पदरातून हात काढला आणि बाही वर सारली. मनगटावर हिरवट विंचू होता, लहानपणी सारंगखेड्याच्या यात्रेत गोंदलेला.

"तो मन्हा हात शे," त्या म्हणाल्या. "मन्हा हात चूक शे का व?"

मग सगळं बाहेर आलं. नायिका काम आटोपून निघून गेली होती आणि दिग्दर्शकाला मागाहून हाताचं दृश्य सुचलं. पुरुष माणसं मळ्यात होती. तेव्हा नव्या सुनेला, म्हणजे काकूंना, पुढे ढकललं ते चक्क सासूबाईंनी: "जाय, पन तोंड नको दखाडू." गोष्ट दोघींतच राहिली. सिनेमा लागल्यावर पोरं रस्त्यात उभी राहून खिडकी बघायला लागली, तेव्हा सासऱ्यांनी खिडकीपुढे लोखंडी कपाट लावलं. ते अजून तिथंच होतं; त्यामागे खिडकी आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं. अप्पांनी तो सिनेमा टीव्हीवर कैकदा पाहिला. दर वेळी ते पाहुण्यांना आपल्या भिंतीचा रंग दाखवायचे.

काकूंनी ती ओळ खोडली. ती परत आली. पुन्हा खोडली आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'हात माझा आहे.' कोणा संपादकाचं नम्र उत्तर आलं, छापील संदर्भ द्यावा.

"मी जित्ती बठेल शे आठे," काकू म्हणाल्या, "अजून काय पुरावा पाह्यजे?"

शहाद्याचा एक वार्ताहर माझ्या ओळखीचा होता. बातमी छापून आली की संदर्भ झाला, आणि तो तयारही होता. पण नाव छापावं लागणार होतं. मी हे सांगितलं तेव्हा खाली अप्पा कोणावर तरी ओरडत होते. काकू तिकडेच कान लावून बसल्या.

"नाव नको," शेवटी म्हणाल्या. "या वयमा घरमा आग नको. चूक तेवढी काढी टाक."

माझा संताप संताप झाला. अप्पांवर, त्या संपादकावर, थोडा काकूंवरही. घर नाव बाहेर जाऊ देईना आणि बाहेरचे नावाशिवाय ऐकेनात.

मग आम्ही अख्खा लेखच सुधारायला घेतला. कथानकाला वेगळा संदर्भ लागत नाही, सिनेमा हाच त्याचा संदर्भ, ही पळवाट मला सापडली होती. काकू कपाटाला पाठ टेकून सांगायच्या, मी लिहायची. सुनेच्या ताटातली भाकरी कोणी उचलली, इथपर्यंत त्यांना पाठ. सरतेशेवटी वाक्य आलं: 'एक हात खिडकी उघडतो. मनगटावर विंचू गोंदलेला आहे.' 'चुका' हे शीर्षक काढलं आणि कारण दिलं, मजकूर कथानकात घेतला. ते कोणी परत आणलं नाही. त्या दिवशी काकूंनी मला शेवभाजी करून घातली, बाह्या कोपरापर्यंत सारून. जिन्यात अप्पांची चाहूल लागली तशा खाली ओढल्या.

पुढे माझी नवापूरला बदली झाली. निरोप घ्यायला वर गेले तेव्हा न राहवून विचारलं, "काकू, कपाट सरकवू का?"

"ऱ्हाऊ दे. मांगे जाळंच जाळं व्हई. झाडनार कोन?"

यंदा काकू गेल्या. भेटायला गेले तर माडीवर आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो, नुसता चेहरा. अप्पा शेजारी बसले होते, खचलेले. मला पाहून डोळे पुसत म्हणाले, "लई मर्यादानी बाई व्हती. तिले कधी परक्या मानूसनी देखं नही." मी मान हलवली.

परतताना बस विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकांच्या रांगेत अडकली. मोबाइलवर तो लेख उघडला. आमचा मजकूर जसाच्या तसा होता. फक्त विंचवाच्या वाक्यापुढे मी न लिहिलेलं एक वाक्य होतं: 'हा हात कोणाचा, याची नोंद कुठे नाही.'

लेखातल्या बदलांचा इतिहास उघडून पाहिला. मी गाव सोडल्यावर थोड्याच दिवसांनी 'माडीवरली'नं ते घातलं होतं. त्याला कोणी संदर्भ मागितला नव्हता.