बस आली की दुखणारं पोट

मी आमच्या गावची अंगणवाडी सेविका. लेकरांचं वजन करणं, दंडाचा घेर मोजणं हे माझं रोजचं काम. कुणाचं तोंड उतरलंय हे त्याच्या आईच्या आधी मला कळायचं. अन् माझी स्वतःची लेक, नववीतली, रोज सकाळी पोट धरून बसायची, ते मला चार महिने नाटक वाटलं.

ती एसटीनं कळमनुरीला शाळेत जायची. पोटदुखी आधी आठवड्यातून एकदा असायची, मग रोजची झाली. गोळ्या दिल्या, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बस निघून गेली की पोरगी उठायची, भाकरी खायची, शेळ्यांना पाला टाकायची. "आता बरं राहतं पोट," असे टोमणे मी मारायचे.

एक दिवस तिला ओढतच फाट्यावर नेलं. बस दिसली तशी ती मटकन खाली बसली. चार माणसं बघत होती. मी तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही, मुकाट्यानं बसमध्ये चढली. तिला वर चढवताना हात धरला होता. एवढ्या उन्हात तो गारठलेला होता.

त्या रविवारी तिचं डोकं विंचरताना कानामागं बोराएवढी उघडी जागा दिसली. केस गळालेले नव्हते, उपटलेले होते.

"काहून गं हे?"

तिनं हातानं ती जागा झाकली. मग म्हणाली, "हात आपोआप जातो. बस आली की छातीत धडधड होऊन राहती. श्वास पुरत न्हाई. वाटतं, आता मरते मी."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"पोट दुखतं म्हणून रोज सांगत व्हते की, आई."

माझ्या हातातली फणी तशीच राहिली.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीला येडी ठरवता का?" तरी आम्ही मायलेकी हिंगोलीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न मलाच विचारला, "रविवारी दुखतं का पोट?"

रविवारी ते कधीच दुखलं नव्हतं. चार महिन्यांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

हळूहळू पोरगी बोलली. इंग्रजीच्या तासाला उभं राहून वाचताना एक शब्द अडकला होता, सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून आपला नंबर कधी येईल, हेच तिच्या डोक्यात.

"दुखणं खरं आहे तिचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण घरी ठेवाल तर भीती वाढेल. थोडं थोडं पुढं न्या, अन् सोबत राहा."

परतताना बसस्टँडवर मी म्हणाले, "त्या दिवशी मारलं, चुकलं माझं."

"लोकांसमोर मारायला नको व्हतं," ती म्हणाली. तेवढंच.

मी शाळेत जाऊन इंग्रजीच्या सरांना भेटले. ते खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, अभ्यास करत नाही." तिनं बसूनच, फक्त त्यांच्यापुढं दोन ओळी वाचायच्या, असं ठरलं. पहिल्या दिवशी ती शाळेच्या फाटकातूनच परत फिरली. मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी एक तास बसली, मी बाहेर लिंबाखाली थांबले. असं करत ती पूर्ण दिवस बसू लागली. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. थंडीत कधीतरी तिनं वर्गासमोर उभं राहून धडा वाचला. मला तिनं सांगितलं नाही, सरांकडून कळलं.

आता ती बारावीला आहे. कानामागचे केस आले. पण परीक्षेच्या सकाळी अजून घास उतरत नाही. "त्यात काय घाबरायचं," असं मी आता म्हणत नाही. विचारते, "आज किती भ्या वाटून राहिलं?"

यंदा पहिल्या पेपरला ती म्हणाली, "लई. तू चल संगं." दुसऱ्या पेपरला म्हणाली, "हाय थोडं. पण तू राहू दे, मी जाते."