काकांचं नाव

आजही तो माइकवरचा माणूस आठवला की माझं डोकं फिरतं.

२००५च्या आसपासची गोष्ट. डेट्रॉइटजवळ नोव्हायमध्ये आम्ही नवे होतो. नवरा मोटारींच्या कंपनीत, मी त्याच्या व्हिसावर. म्हणजे नोकरी करायला बंदी आणि दिवसभर घर खायला उठायचं. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गोरे गृहस्थ एकटेच राहायचे. मी त्यांना पहिल्याच दिवशी काका म्हटलं. नाव मेलबॉक्सवर होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभच वळायची नाही. तेही 'काका' म्हटलं की ओ द्यायचे.

तरुणपणी काका कॉलेजच्या टीममधून फुटबॉल खेळायचे. आपला पायाने खेळायचा नव्हे, इकडचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. शेवटच्या वर्षी त्यांची टीम एकूण एक मॅच हरली. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून कॉलेजने हयात असलेल्या पाच खेळाडूंना बोलावलं. मध्यंतरात मैदानावर एकेकाचं नाव घेऊ, असं तिथल्या बाईने फोनवर कबूल केलं.

"तेव्हा आम्हाला नुसत्या शिव्या मिळाल्या," काका म्हणाले. "नाव कोणी घेतलं नाही."

मग रोज घरासमोर काठीशिवाय चालायची प्रॅक्टिस सुरू. त्यांना तिथे न्यायचं मी ठरवलं. नवरा म्हणाला, "कशाला नसत्या भानगडीत पडतेस?" मी म्हटलं, "गप बस आणि किल्ली दे."

मध्यंतर झालं. काठी माझ्याकडे देऊन काका गेले. पाच म्हातारे मैदानाच्या मधोमध ताठ उभे. आणि माइकवरचा तो शहाणा म्हणतो कसा, "ही बघा आपली सगळ्यात भिकार टीम! निदान आज मैदान तरी सापडलं!" कॉलेजच्या टीमचं चिन्ह म्हणून अस्वलाचं सोंग घेतलेला एकजण त्यांच्यासमोर गवतावर धाडकन आडवा पडला. अख्खं स्टेडियम खदाखदा हसलं. लगेच बँड सुरू. नावं? एकही नाही. नाव घेतो म्हणून बोलावलं आणि नावं ठेवून मोकळे झाले!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हसताय काय मेल्यांनो? तुमच्या बापाच्या वयाची माणसं आहेत ती!" ओरडले मराठीतच, इंग्रजीत मला धड भांडता येत नाही. पॉपकॉर्न खाणारा शेजारी लांब सरकला. म्हटलं, तुम्ही नाही घेत ना नाव? मी घेते! बाकावर चढले, काठी उंच धरली, तोंड उघडलं आणि नाव काही फुटेना. मेलबॉक्सवरचं अक्षर न् अक्षर डोळ्यांसमोर होतं. बँडच्या वरताण आवाजात बाहेर पडलं ते एवढंच, "काकाऽऽऽ!"

आम्ही अगदी खालच्या रांगेत होतो म्हणून बरं. पाचांतला एकजण वळला आणि त्याने हात वर केला.

परतताना मी गाडी चालवत त्या कॉलेजला शिव्यांची लाखोली वाहत होते. काका काठी मांडीवर घेऊन बसले होते. मध्येच म्हणाले, "माझं नाव तरी ऐकू आलं. त्या चौघांचं कोण घेणार?"

रस्ता रिकामा होता, तरी मी हॉर्न दाबून धरला.