पोटाशी बांधलेली कारली

जीव जन्माला घालायचा तर त्याग करावा लागतो, असं आमचे शेजारचे काका म्हणतात, तेव्हा त्यांच्या स्वेटरखाली कारल्याच्या बियांची ओली पुरचुंडी बांधलेली असते. हिंगणघाटची थंडी आता बेभरवशाची झाली आहे. सकाळी कुडकुडायचं आणि दुपारी पंखा लावायचा. कुंडीत बिया कुजल्या, म्हणून या निवृत्त हेडक्लार्कनी नव्या बिया पोटाच्या उबेला ठेवल्या. तेव्हापासून ते सावकाश चालतात, एक हात पोटावर.

कॉलनीत ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांचा सत्कार झाला. काका चांगले उंच, पण हारासाठी वाकेनात. "वाकलो तं कोंब मोडन." शेवटी पाहुणे खुर्चीवर चढले.

"मले ताप आला तं यायनं कपाळावर हात नाई ठेवला," काकू म्हणाल्या.

"तुले काय कोंब फुटून राह्यले होते?"

अखेर एका सकाळी त्यांनी मला बोलावून पुरचुंडी सोडली. एका बीला खरोखरच पांढरा कोंब आला होता. काकांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला. मीही थट्टा विसरून वाकून पाहिलं.

पुरचुंडी बांधताना उरलेल्या बिया काकूंनी अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीजवळ फेकल्या होत्या. त्यांना तोवर दोन-दोन पानं आली होती.