उजव्या छातीवरची पदकं

ते प्रकरण आठवलं की आजही आधी माझं डोकं तापतं. मग त्या लिफ्टमनचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि मी शांत होतो.

परळच्या एका टॉवरमधल्या कंपनीने माजी सैनिकांचा सत्कार केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, आमचा लिफ्टमन पदकं लावून स्टेजवर चढला. फौजेत एक दिवस नव्हता तो!" बोलणारा तिथलाच सुरक्षाप्रमुख, निवृत्त सुभेदार. स्टेशन डायरीत नोंद करून मी दोघांना बोलावलं. कंपनीचे मॅनेजरही आले, लिफ्टमनला कामावरून काढल्याचं पत्र तयार ठेवूनच.

लिफ्टमन चिंचपोकळीच्या चाळीतला, पन्नाशी ओलांडलेला. ड्युटीच्या गणवेशातच आला.

"पदकं कुणाची?" मी आवाज चढवला.

"थोरल्या भावाची, सायब. सीमेवर शहीद झाला. आई होती तोवर ती लावायची. आता मी."

"मग फौजी म्हणून हार का घेतलास?"

"मी कुठे म्हटलं फौजी? घरात कोणी सैन्यात असेल तर पदकं लावून या, असं सांगितलेलं. कार्यक्रम चालवणाऱ्या मॅडमनी माइकवर 'आपले माजी सैनिक' म्हटलं, टाळ्या पडल्या. भर सभेत त्यांना खोटं पाडू?"

सुभेदार उसळले. "गेलेल्या जवानाची पदकं घरचे उजव्या छातीवर लावतात. डावीकडे फक्त ज्याची त्यानेच. हा फोटो बघा, डावीकडे आहेत!"

"उजवीकडेच होती. आईने शिकवलंय."

हे तो तीनदा बोलला, एकही शब्द न बदलता. खोटं बोलणारा दर वेळी पदरचं काहीतरी घालतो, हा माझा अनुभव.

फोटो म्हणजे मॅडमनी त्याच्या शेजारी उभं राहून काढलेला सेल्फी. मी फोटो पाहिला, मग समोरचा माणूस. त्याच्या शर्टाचा खिसा डावीकडे होता. फोटोत गणवेश तोच, पण खिसा उजवीकडे.

"सुभेदार, काल तुम्ही सभागृहात होता?"

"नाही. गेटवर ड्युटी होती."

मी फोटोतल्या खिशावर बोट ठेवलं. मोबाइलने माणूस आरशासारखा उलटा दाखवला होता.

सुभेदार उठले आणि कडक सॅल्यूट ठोकला.

लिफ्टमन ओशाळला. "मला कशाला, सायब?"

"तुला नाही रे. त्याला."

मॅनेजर पत्र खिशात घालत म्हणाले, "दिलगिरीचा मेल पाठवतो."

"चालणार नाही," मी म्हणालो.

"बरं, माझ्या केबिनमध्ये चहा ठेवू."

"अहो, लालबागला आईच्या भाजीच्या टोपलीशी बसून घासाघीस शिकलोय मी! जिथे हार घातला तिथेच, त्याच माइकवर, सगळ्यांसमोर. एक पायरी खाली उतरणार नाही."

त्या शुक्रवारी सभागृह भरलं. मॅनेजरांनी माफी मागितली. लिफ्टमनने माइक हातात घेतला. पदकं उजवीकडे. "मी लिफ्टमन. फौजी माझा भाऊ," म्हणाला, आणि त्याने भावाचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश. सगळे उठून उभे राहिले.

पुढे माझ्या निवृत्तीच्या समारंभाला वरिष्ठ फिरकले नाहीत. शाल ठाण्यातल्या रायटर हवालदाराच्या हातून पाठवली. ते दुखणं अजून आहे, लपवत नाही. पण हार घालायची घाई असलेल्यांना मी एकच सांगतो: आधी त्या माणसाशेजारी बसा, त्याला विचारा.

या आठवणींत कुणाचं नाव लिहायचं नाही, हा माझा नियम. तो पाळणं एकदाच जड गेलं. त्या जवानाचं नाव मला अजून तोंडपाठ आहे.