मशीनबाईंचं जाड कापड

शिलाई मशीन बिघडली की अख्ख्या वस्तीत एकच हाक उठायची, "मशीनबाईंना बोलवा!" एकतीस वर्षं ही बाई खांद्याला पिशवी अडकवून घरोघरचे जिने चढली. पिशवीत दोन स्क्रू-ड्रायव्हर, तेलाची डबी, सुयांची पुडी आणि एका जुन्या जीन्सचा कापलेला पाय. तो पाय बघून नवखं गिऱ्हाईक हसायचं. हसू दे बापडं! दुरुस्ती झाली की बाई त्या जीन्सच्या चार घड्या करून सुईखाली सरकवायच्या आणि मशीन चालवायच्या. टाका सलग पडला तरच पैशांसाठी हात पुढे करायच्या, नाहीतर पुन्हा मशीन खोलून बसायच्या. "पातळ कापडावर काय, कुठलीही मशीन गोड चालते," त्या म्हणायच्या. "जाड कापड घाला, मग कळतं कोण किती पाण्यात आहे ते."

मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून सांगून टाकलं, "जिने बंद." आता काय म्हणावं! बाईंचा सगळा धंदाच जिन्यांवर. शेजारच्या खोलीतल्या मशीनचा आवाज ऐकून जिला दोष कळतो, त्या बाईला घरात भिंतीकडे बघत बसवायचं म्हणजे धडधडीत अन्याय. पंधरा दिवस बाई घरचीच मशीन खोलत आणि पुन्हा जोडत बसल्या. यजमान बिचारे न सांगता भांडी घासायला लागले.

तेवढ्यात शिवणकाम शिकवणाऱ्या केंद्राच्या संचालकबाईंचा फोन आला. मशीन दुरुस्तीचा नवा वर्ग निघणार होता, तोही तळमजल्यावर. शिकवायला जाणतं माणूस हवं होतं. पण निम्मे विद्यार्थी लांबून, घरबसल्या शिकणार होते, म्हणून धड्यांचे नीट कापून-जोडून केलेले व्हिडिओ लागणार होते. "नमुन्याचा एक धडा महिनाअखेर द्या. पसंत पडला तर जागा तुमची," संचालकबाई म्हणाल्या. "आणखी दोघांचे अर्ज आलेत हं."

बाईंनी बॉबिनचा धडा तीन फोनवर घेतला. एक फोन हातांवर, एक मशीनच्या पोटात गरगरणाऱ्या हुकवर, आणि तिसरा यजमानांच्या हातात, बाईंच्या चेहऱ्यावर. चित्र सुरेख आलं. पण तिन्ही तुकडे फोनवर जोडायला घेतले, तर चौथ्या मिनिटाला फोन तव्यासारखा तापून बंद पडला. एकदा नाही, तीनदा. तेव्हा ठरलं, कॉम्प्युटर घ्यायचा. तीन नव्या शिलाई मशिनी येतील एवढ्याच पैशांत. त्यापुढे एक दोरासुद्धा नाही.

घरात कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर जावईबापूंना राहवतंय होय! त्यांनी फोनवरूनच फर्मान काढलं, "आई, व्हिडिओचं काम म्हणजे गेमिंगवालाच घ्या. बाकीचे सगळे खेळणी आहेत." आता जावई म्हणजे जावई. त्यांना तोंडावर नाही म्हणायची सोय नाही. बाई "बरं बरं" म्हणाल्या आणि हळूच तिन्ही फोनमधले व्हिडिओ पेन ड्राइव्हवर भरून घेतले.

"हे कशाला?" यजमानांनी विचारलं.

"अहो, जीन्स नको का न्यायला?"

पहिल्या दुकानात काचेच्या अंगाचा कॉम्प्युटर होता. आत तांबडे-निळे दिवे फिरत होते. विक्रेत्याने पडद्यावर समुद्र, फुलं, उडणारे पक्षी दाखवले. यजमान तर भान हरपून बघत राहिले. बाई म्हणाल्या, "ही तुमची मलमल झाली. आता माझं कापड घाला."

पेन ड्राइव्ह लावला. तिन्ही व्हिडिओ एडिटिंगला एकावर एक ठेवले आणि चालवले. ते अगदी झकास चाललं, खोटं का बोला. पण किंमत ऐकली तर आठ मशिनींची! वर विक्रेता म्हणतो, "मावशी, हप्ते करून देतो की." सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची? बाईंनी पेन ड्राइव्ह काढून घेतला आणि यजमानांना पक्ष्यांपासून ओढून बाहेर आणलं.

दुसऱ्या दुकानात बजेटमधला लॅपटॉप मिळाला. पातळ, चकचकीत, हातात धरावासा. पेन ड्राइव्ह लावताच आवाज पुढे पळाला, चित्र मागे राहिलं आणि सुई हवेतच अडकली. "सगळ्यांवर असंच होतं," विक्रेता म्हणाला. बाईंनी लॅपटॉप उलटा करून पाहिला. "उघडतो कसा हा? आतला एखादा भाग बदलता येईल?"

"नाही हो, रॅमसुद्धा आत पक्की बसवलेली असते. बिघडला तर सरळ नवा घ्यायचा."

झालं! आयुष्यभर उघडून दुरुस्त करणाऱ्या बाईला हे वाक्य ऐकवायचं! त्या तिथून निघाल्या त्या फणफणतच.

तिसरं दुकान ऑफिसांतून निघालेले कॉम्प्युटर साफसूफ करून विकणाऱ्याचं, आणि नेमकं दुसऱ्या मजल्यावर. यजमान घाबरले. "अगं, डॉक्टर काय म्हणालेत? मी वर जाऊन बघतो ना."

"तुम्ही पक्षी बघून याल," बाई म्हणाल्या. त्यांनी कठडा धरला आणि एक एक पायरी दोन्ही पाय टेकवत चढल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसून पुढची पायरी गाठली. हे शेवटचे जिने, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

दुकानदाराने एक काळा डबा पुढे केला. रंगरूपाने अगदीच ओबडधोबड, वर कुठल्याशा ऑफिसचा अर्धवट खरवडलेला स्टिकर. किंमत पडदा, कीबोर्ड, माऊस धरून अडीच मशिनींची. पेन ड्राइव्ह लावला, तर इथेही चित्र अडखळलं. यजमानांचा चेहरा उतरला. बाईंनी मात्र पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "उघडू का?"

असं गिऱ्हाईक दुकानदाराने जन्मात पाहिलं नसेल. "उघडा की!"

झाकण निघालं. बाईंनी वाकून पाहिलं. रॅमच्या पट्टीशेजारी तशीच एक खाच रिकामी होती. "ही जागा कुणासाठी ठेवलीय?"

"दुसऱ्या पट्टीसाठी," दुकानदार हसला. "आठ जीबी आहे, सोळा करता येईल. प्रोसेसर चांगला आहे, डिस्क एसएसडी आहे. फक्त रॅम कमी पडतेय. आणि हो, व्हिडिओ जड असले की आधी त्यांच्या हलक्या कॉपी बनवायच्या. एडिटिंगचं सॉफ्टवेअरच बनवतं, फुकटातलंसुद्धा. कापाकापी त्या हलक्यांवर करायची, शेवटी सगळं आपोआप मूळ व्हिडिओवर उतरतं."

"अहो, म्हणजे कच्ची शिलाई!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "आधी मोठे टाके घालून मापात बसवायचं, मग पक्की मारायची. हे तर मी पोरवयापासून करतेय!"

पट्टी बसली, हलक्या कॉपी तयार झाल्या आणि तिन्ही व्हिडिओ पुन्हा चालवले. हात फिरले, हुक गरगरला, बाईंचा चेहरा बोलला. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. बाईंनी टेबलावर थाप मारली. "टाका सलग पडला!" दुकानदाराला काही कळलं नाही, पण तोही टाळ्या वाजवायला लागला. पट्टीचे पैसे धरून हिशेब बरोबर तीन मशिनींवर थांबला.

पुढचे अकरा दिवस बाई दुपारी त्या डब्यासमोर बसल्या. पहिल्या दिवशी चुकून अर्धा धडा पुसला, दुसऱ्या दिवशी यजमानांचं खोकणं धड्यात राहून गेलं. संध्याकाळी डबा यजमानांच्या ताब्यात. वीजबिल भरायचं, लेकीशी व्हिडिओवर बोलायचं आणि मग पत्त्यांचा डाव. एवढ्यावरच ते भलतेच खूश. महिनाअखेरच्या दोन दिवस आधी धडा केंद्राला पोचला.

तिसऱ्या दिवशी संचालकबाईंचा फोन. "बाई, हुक दोऱ्याला कसा पकडतो, हे मला आज पहिल्यांदा कळलं. वीस वर्षं शिवतेय मी! कधीपासून येताय?" बाईंनी "सोमवारपासून" म्हटलं, फोन ठेवला आणि यजमानांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या. ते आनंदाचं रडणं होतं. यजमानांना ते कळलं, तरी त्यांनीही दोन थेंब गाळलेच.

सोमवारी वर्गात सोळा मशिनी होत्या आणि दारात एकही पायरी नव्हती. बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली, तोच फोन वाजला. जावईबापू.

"आई, कॉम्प्युटर घ्यायला आलोय दुकानात," त्यांनी आवाज बारीक केला. "तुमचा तो पेन ड्राइव्ह मिळेल का जरा?"

"मिळेल की," बाई म्हणाल्या. "पण आता नाही, माझा तास सुरू होतोय."

आणि त्यांनी पिशवीतून जीन्स काढली.